थांब, एकच ओळ

१

आदिनाथच्या घरात माणसं चार आणि जेवायला ताटं पाच. ताटं मांडायचं काम आई सुनेच्या हाती देत नसे, गुडघे कितीही कुरकुरले तरी. आदिनाथचं, रेश्माचं, दहा वर्षांच्या सईचं, स्वतःचं, आणि भिंतीच्या कडेला एक पाचवं. त्या पाचव्यात चिमूटभर मीठ वाढायचं, बाकी काही नाही. जेवणं आटोपली की ते धुऊन पुन्हा मांडणीत. नवी नवरी असताना रेश्मानं विचारलं होतं, "हे कुणाचं हो?" तेव्हा आदिनाथ म्हणाला होता, "आईची सवय आहे. कुणी आलं-गेलं तर असावं." खरं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचं कारण कोण विचारतं?

आईची, म्हणजे रंभाबाईंची, दुसरी तऱ्हा याहून अवघड होती. पंगतीच्या एका ओळीत त्या दहा माणसं बसू द्यायच्या नाहीत. नऊ बसा, नाहीतर अकरा बसा. लग्नात, बारशात, कुणाच्याही मांडवात जाऊन दहाव्याला दंड धरून उठवायच्या. नातेवाईक हसायचे, काही रुसायचेही. आदिनाथला लाज वाटायची, पण आईपुढं बोलायची त्याची टाप नव्हती.

मे महिन्यात आईला पंच्याहत्तर पुरी होणार म्हणून एप्रिलातच जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यांनी आईची पत्र्याची ट्रंक सरकवताना कडी निखळली आणि झाकण उघडलं. आई तेव्हा खाली देवळात गेली होती. वरचं इरकल लुगडं बाजूला करताना आदिनाथच्या हाताला काहीतरी टणक लागलं, आणि ते बाहेर काढल्यावर त्रेचाळीस वर्षांचा हा गणिताचा मास्तर चक्क खाली फरशीवर बसला.

गेम! त्यांचा गेम!

पंजाएवढा, राखाडी, पिवळ्या रबरी बटणांचा. वर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं छापलेलं आणि आत धड दहाही नसायचे. वडील होटगीला रेल्वेत गँगमन होते. त्यांनी एका जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतून तो आणला होता. वरून विटांचे तुकडे पडत यायचे, ते फिरवून फिरवून खाली बसवायचे. आडव्या ओळीतली दहाच्या दहा घरं भरली की ओळ दोनदा लुकलुकायची आणि नाहीशी व्हायची, वरचं सगळं एक घर खाली सरकायचं. बस्स, एवढंच. पण या एवढ्यासाठी आदिनाथनं किती जेवणं थंड केली होती, किती मार खाल्ला होता!

२

सेलची जागा गंजून हिरवी पडली होती. त्यानं व्हिनेगर, कापूस आणि सईचा जुना टूथब्रश घेऊन दुपारभर ती घासली. दोन नवे सेल घातले, बटण दाबलं, आणि तोच किरटा सूर वाजला. त्याच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. आताशा मोबाइलवर कसली कसली रंगीत युद्धं असतात, पण तिथं दर दोन मिनिटांनी कुणीतरी काहीतरी मागत असतं. हा बापडा काही मागत नाही. फक्त पुढचा तुकडा देतो. अंगठ्यांना सगळं आठवत होतं, डोक्याला विचारावं लागलं नाही.

खेळून झाल्यावर त्यानं मागची बाजू पुसली. मळ निघाला तशी तिथं कोरलेली अक्षरं दिसू लागली. टोकदार काहीतरी घेऊन कुणीतरी नावं कोरली होती, एकाखाली एक. भीमा. कुंडलिक. बिरप्पा. सयाजी. अशी दहा.

हे कोण? त्याच्या लहानपणी या नावांचं कुणी नव्हतं. घरात तो आणि मोठी बहीण वैजयंती, दोघंच. जत्रेत कुणाचा तरी जुना गेम वडिलांच्या गळ्यात मारला असेल, असं त्यानं ठरवलंही असतं. पण अक्षर त्याचं होतं. शिरोरेषा ओढताना शेवटी किंचित खाली वळवायची खोड त्याला अजून आहे, फळ्यावर रोज दिसते. ती वळणं तिथं दहा वेळा होती.

त्यानं वैरागला ताईला फोन लावला.

"ताई, आपल्याकडं भीमा कोण होता गं?"

"कोण भीमा? बाबांच्या गँगमध्ये कुणी होता का?" आणि मग एकदम, "काय म्हणालास? गेम सापडला? आपला? अरे आदि, चालतोय? माझ्यासाठी ठेव, मी येणाराय. तू मला कधी धड खेळू दिला नाहीस, मेल्या!"

शेचाळीस वर्षांची बाई फोनवर चिवचिवत होती. आदिनाथही हसला आणि भीमाचं राहून गेलं.

३

एप्रिलात शाळा सकाळची. आदिनाथ गेम शाळेत घेऊन गेला आणि शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस वह्या तपासायच्या राहिल्या. चाळिशीपुढचा ज्यानं त्यानं तो हातात घेतला आणि ज्याच्या त्याच्या तोंडावर तेच बावळट हसू पसरलं. घंटा झाली तरी कुणी हातातून सोडेना. "थांबा सर, एकच ओळ," असं म्हणत चित्रकलेचे सर दहा मिनिटं उशिरा वर्गावर गेले.

साडेनऊच्या सुटीत व्हरांड्यात मुलांची खिचडीची पंगत बसायची. त्या दिवशी देखरेख आदिनाथकडं होती. तो खांबाला टेकून खेळत होता. सहावीतली पिंकी ताट घेऊन जाता जाता थांबली. विडी कामगारांच्या घरकुलातली पोर, दोन लाल रिबिनी, रोज न चुकता विचारायची.

"सर, कितीवर गेला?"

"आज विक्रम होणार. जा, बस. खिचडी निवतेय."

ती ओळीच्या टोकाला जाऊन बसली. आदिनाथच्या पडद्यावर एकच घर रिकामं राहिलं होतं, उजव्या कडेचं, आणि वरून सरळ काठी आली. याच काठीची माणूस वाट बघत असतो. ती त्यानं अलगद सोडली. ओळ लुकलुकली, टिर्र वाजलं, आणि पिंकीला आकडा सांगायला त्यानं मान वर केली.

समोर सतरंजी मोकळी होती.

"पुढं सरका की गं पोरींनो, जागा हाय नव्हं पुढं!" खिचडी वाढणाऱ्या शिवम्मा मागच्या ओळीला सांगत होत्या. मागच्या मुली ताटं घेऊन खिदळत पुढं आल्या आणि मोकळ्या जागेत बसल्या. त्यांच्या मागची ओळ त्यांच्या जागी आली.

"शिवम्मा, इथं बसल्या होत्या त्या मुली कुठं गेल्या?"

"कुटल्या सर? आत्ता तर बसाय लागल्यात." मग त्यांनी खाली ठेवलेल्या ताटांकडं बघितलं. "पण दहा ताटं उरली बगा आज. मी तर मोजूनच आणत्ये. कसं काय झालं म्हनायचं?"

ताटं कोरडी, लख्ख होती.

४

उन्हानं डोळे दिपले असतील. चष्म्याचा नंबर बदलला असेल. मुलींना कुणीतरी बोलावून नेलं असेल, आणि आपण खेळात बुडालेलो. आदिनाथनं स्वतःला एकामागून एक कारणं दिली आणि ती सगळी चांगली होती. गणित शिकवणाऱ्याला कारणांची काय वाण?

पण हजेरीपटात सत्तावीस नंबरला पिंकी नव्हती. सत्तावीसला दुसरीच मुलगी होती, आणि तिच्या पुढच्या हजेऱ्या जून महिन्यापासूनच्या, जुन्या फिकट शाईतल्या. खाडाखोड नाही, मधला आकडा गळालेला नाही. वर्गशिक्षिकेनं विचारलं, "कोण पिंकी, सर?" आणि ती खरंच विचारत होती.

शाळा सुटल्यावर तो विडी घरकुलात गेला. पिंकीला एकदा ताप आला तेव्हा त्यानंच तिला घरी सोडलं होतं, त्यामुळं घर माहीत होतं. तिची आई पार्वतम्मा दारात सुपात पानं घेऊन विड्या वळत बसली होती.

"पिंकी घरी आली का हो?"

"कोन पिंकी? मला दोन पोरंच हायेत सर. दोगं बी कारखान्यात जात्यात." ती हसली. तिचे हात चालूच होते. "घर चुकलं काय तुमचं?"

आत खुंटीवर दोन लाल रिबिनी लोंबत होत्या. आदिनाथनं त्यांच्याकडं बोट केलं. पार्वतम्मानं वळून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचे हात थांबले.

"हायेत आधीपासनं," ती म्हणाली. "कुनाच्या तरी." ती रिबिनींकडं बघतच राहिली, आदिनाथ निघाला तरी.

गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यानं खिशातून गेम काढला आणि सेल उपसून गटारात टाकले. उन्हं चांगली भाजत होती आणि त्याला थंडी वाजत होती.

५

आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. आदिनाथ तिच्यासमोर बसला.

"आई, भीमा कोण?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यानं गेम फरशीवर ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही.

"चालू केलास?"

"हो."

"कोन गेलं?"

त्यानं शाळेतल्या पंगतीचं सांगितलं. तिनं शेंगा बाजूला सारल्या.

"भीमा तुजा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "सा वर्साचा हुता. मे म्हैना, मी आमरस केलावता. क्वार्टरातली पोरं बोलावली. दारात दहा पोरं बसली वळीनं, भीमा शेवटाला. तुला तीनदा हाळी मारली. तू वट्यावर ह्ये घिऊन बसलावता. म्हनालास, थांब आई, एकच ओळ."

"आई, काहीतरीच काय बोलतेस?"

"मीठ आनाय आत गेले. माघारी आले तर दहा ताटं. कोरडी."

नळाला पाणी यायचा दिवस होता. खाली कुणाची तरी मोटर घरघरत होती.

"मग मला का आठवत नाही?"

"आटवत हुतं की! आट दिस आटवत हुतं. लई रडलास लेकरा. कंपासच्या टोकानं नावं कोरलीस, इसरू ने म्हनून. नवव्या दिशी मला इचारलंस, आई, भीमा कोन?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या बाला तर त्याच सांजंला कायबी आटवंना. मी दारोदार फिरले. बिरप्पाची आई म्हनली, रंभाबाई, ऊन लागलं काय तुमाला? सोताचं पोर गेलेलं, आन् भाकरी थापत हुती ती."

"तुलाच कसं आठवतं?"

"काय म्हाईत. कुनाला तरी आटवाय पायजे की."

आदिनाथला राग आला. कुणाचा, ते त्याला कळेना. "मग हे जाळून का नाही टाकलंस? ठेवलंस कशाला?"

"जाळू कसं?" आई म्हणाली. "पोराचं नाव हाय त्याच्यावर. दुसरं कुटं हाय, सांग."

६

त्या रात्री आदिनाथनं सईच्या कंपासपेटीतलं टोक घेऊन भीमाच्या यादीखाली पिंकीचं नाव कोरलं. बाकीच्या नऊ जणींची नावं त्याला माहीतच नव्हती. गेम ट्रंकेत, ट्रंकेला नवी कडी, किल्ली आईच्या कमरेला. विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायची त्याची तयारी नव्हती, पण सेलचं नवं पाकीट मात्र त्यानं घरात ठेवलं नाही.

आठव्या दिवशी त्यानं आईकडून किल्ली घेतली आणि गेम उलटा करून पाहिला. पिंकी. हे आपण कोरलं, हे त्याला आठवत होतं. का कोरलं, हेही. पण चेहरा काही केल्या येईना. वेणी होती का? उंच होती का? ती त्याला रोज काहीतरी विचारायची, एवढं होतं. काय विचारायची? तो ट्रंकेपाशी उकिडवा बसून राहिला. समजा, उद्या सई. तिचं हसणं, तिची दुधाची मिशी, झोपेत दात खाणं, हे सगळं आठ दिवसांत असं पुसून जाईल, आणि आपल्याला दुखणारसुद्धा नाही. दुखणार नाही, याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पंच्याहत्तरी रद्द करावी असं त्यानं दोनदा सुचवलं. रेश्मा म्हणाली, "अहो, आमंत्रणं गेलीत. झालंय काय तुम्हाला?" टेबलखुर्च्या लावू म्हटलं तर ताई फोनवर कडाडली, "आईच्या पंच्याहत्तरीला बुफे? पंगतच बसायची, आणि आमरसाचीच." आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पोरं नऊच बसव. मी बगते, तूबी बग."

मग तो तयारीला लागला. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये सावली असते, तिथं सतरंज्या अंथरल्या. मुलांच्या ओळीत नऊ ताटं त्यानं स्वतः मांडली. दहाव्या जागी पाण्याचा मोठा जार आणून ठेवला. सईला त्यानं ओळीत बसवलंच नाही.

"तू मीठ वाढायचं," तो म्हणाला.

"फक्त मीठ? मी रस वाढते ना, बाबा."

"मीठ फार महत्त्वाचं असतं. आणि काही झालं तरी बसायचं नाही. सगळ्यांचं झाल्यावर तू आणि मी जेवायचं. शपथ?"

"शपथ," सई म्हणाली आणि दोन्ही हातांनी मिठाची वाटी सांभाळत निघाली.

७

दुपारी एकच्या सुमाराला पुऱ्यांचा दुसरा घाणा आला आणि रेश्मानं सांगितलं, "वरून मोठा झारा आणता का हो?" आदिनाथनं ओळ पुन्हा मोजली. नऊ. आई मधोमध खुर्चीत, नवं इरकल नेसून बसली होती, तिचीही नजर ओळीवर. सई वाटी घेऊन उभी. तो दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

झारा घेऊन वळताना त्याचं हॉलमधल्या घड्याळाकडं लक्ष गेलं. बारा पन्नास. सेकंदकाटा हलत नव्हता. घड्याळ जरा तिरपं लोंबत होतं. त्यानं ते भिंतीवरून काढून उलटं केलं. सेलची जागा रिकामी होती.

असेल, संपला असेल, कुणीतरी काढला असेल. तो बेडरूममध्ये गेला. उशाशी गजराचं घड्याळ पालथं पडलं होतं, मागचं झाकण उघडं. तोही सेल नव्हता. पलंगापाशी आईची ट्रंक उघडी होती. आईच्या अंगावरचं नवं इरकल त्या ट्रंकेतलं होतं, ते काढायला ताई आली होती. किल्ली आईनंच दिली असणार, एवढ्या गडबडीत.

झारा कुठं पडला ते त्याला कळलं नाही. जिना उतरताना निम्म्यावरूनच त्याला तो किरटा सूर ऐकू आला. बायकांच्या गलबल्यातून, भांड्यांच्या आवाजातून, टिक, टिक, तुकडा वळल्याचा.

ताई पार्किंगच्या पार पलीकडच्या टोकाला, खांबाला पाठ लावून खुर्चीत बसली होती. जरीची साडी नेसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ दाताखाली धरलेली, अगदी लहानपणी धरायची तशी. किती सुखात होती ती! आजूबाजूला तिघीचौघी वाकून बघत होत्या. "अगं, आमच्याकडंही होता असा," कुणीतरी म्हणत होतं. आईच्या आणि त्यांच्या मध्ये खांब होता.

"ताई! बंद कर ते!"

"थांब रे आदि," तिनं मान वर न करता म्हटलं. "एकच ओळ."

त्यानं मुलांच्या ओळीकडं पाहिलं. पाण्याचा जार तिथं नव्हता. तो सरकवून भिंतीकडं नेला होता आणि रेश्मा सईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवत होती.

"बस गं राणी, किती वेळ वाढतेस, भूक लागली असेल. आई, तिला कशाला उठवता? वाढणाऱ्या पोरीला उपाशी ठेवायचं का?" आई खुर्चीतून उठायला धडपडत होती, तिचा हात पुढं आला होता, पण गुडघे साथ देत नव्हते.

ताईकडं धावावं की सईकडं? दोन्हीकडं अंतर सारखंच होतं. आदिनाथ सईकडं धावला. ताटांवरून, कुणाच्या तरी पायांवरून. सई त्याला बघून ओशाळली. शपथ मोडली म्हणून. "बाबा, मी नाही, आईनंच," असं ती म्हणत होती आणि मिठाची वाटी तिनं त्याच्यापुढं केली. त्यानं वाटी धरली. पलीकडून तिची बोटं होती, घामेजलेली, चिकट.

ओळ लुकलुकली. एकदा नव्हती, पुन्हा होती. दहाही मुलं त्याच्याकडं बघत होती, जणू त्यालाच काहीतरी झालं होतं. मग पुन्हा नव्हती.

पलीकडं टिर्र वाजलं आणि ताईनं टाळी दिली.

८

"पुढं सरका, पुढं सरका, जागा आहे," कुणीतरी म्हणालं. मोठ्यांची ओळ हसत हसत पुढं सरकली. कोरड्या ताटांची चळत कुणीतरी उचलून भिंतीकडं ठेवली. मोजायला कुणाला सवड नव्हती.

"मीठ घेऊन उभे काय राहिलात? वाढा की," रेश्मा म्हणाली.

"सई," आदिनाथ म्हणाला.

"कोण?"

तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. फक्त उकाडा होता आणि पाहुण्यांची घाई.

आई रडत होती. बायकांना वाटलं, आनंदानं रडतेय, पंच्याहत्तरीचं. त्यांनी तिचे डोळे पुसले. आदिनाथ तिच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला तशी ती त्याच्या कानाशी म्हणाली, "पयलं नाव कोर. आत्ताच्या आत्ता. रडाय आट दिस हायेत."

त्यानं कोरलं. ताईच्या हातातून गेम ओढून घेऊन सेल उपसून फेकले तेव्हा ती चिडली, म्हणाली, "अजून तसाच आहेस मेल्या!" सईची कंपासपेटी त्याला माळ्यावर अडगळीत सापडली. त्यानं इतकं दाबून कोरलं की प्लॅस्टिकचा भुगा बोटांना चिकटला. बाकी नऊ मुलांपैकी सहा जणांची नावं आठवली, तीही कोरली. मग आठ दिवस तो बोलला, सगळ्यांना सांगितलं, ओरडला, भिंतीवर डोकं आपटलं. रेश्मानं डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, विश्रांती घ्या. रात्री तो सईच्या जागेवर झोपायचा आणि दात खाल्ल्याचा आवाज कसा होता ते तोंडानं काढून बघायचा, विसरू नये म्हणून.

जून उजाडला. शाळा सुरू झाली. आदिनाथची तब्येत सुधारली, कशाची भीती होती तेही तो विसरला, रेश्माच्या जिवात जीव आला. बंद पडलेल्या दोन घड्याळांसाठी येताना त्यानं दोन सेल आणले आणि हात धुऊन जेवायला बसला.

आईनं ताटं मांडली होती. त्याचं, रेश्माचं, स्वतःचं. आणि भिंतीच्या कडेला दोन, चिमूटभर मीठ वाढलेली.

"आई, एकच असतं ना गं ते?"

"असू द्या हो," रेश्मा म्हणाली. "आपल्याकडं ताटं पाचच लागतात. आधीपासून."

तेही खरंच होतं. कोपऱ्यात ट्रंकेवर गेम पडलेला होता. त्यानं तो हातात घेतला, अंगठे आपोआप बटणांवर गेले. उलटा करून पाहिला तर मागं बरीच नावं कोरलेली होती. काही जुनी, मळलेली. काही अगदी ताजी, पांढरी. त्यांतलं एक फार खोल कोरलेलं होतं, आणि त्याच्या शिरोरेषेचं टोक खाली वळलेलं होतं.

"आई," तो म्हणाला, "ही सई कोण?"

आईनं त्याच्या हातातला गेम काढून घेतला. मग सेलही मागून घेतले आणि कनवटीला लावले.

"घास घे," ती म्हणाली, आणि भिंतीकडचं धाकटं ताट तिनं जरासं आपल्याजवळ ओढून घेतलं.